समासात दबा धरून बसलेल्या ऐयारास

श्रीयुत (किंवा श्रीमती) समासभूषण यांस,



आपली ओळख नाही. म्हणजे तुमचं हस्ताक्षर मी आता लाखात ओळखेन, तुमचा ‘श’ कसा ‘रा’सारखा दिसतो आणि उद्गारचिन्ह दिल्याशिवाय तुमचं वाक्य कसं संपतच नाही, हेही मला पाठ झालंय, पण चेहरा ठाऊक नाही. वाणगावात राहता एवढं नक्की. बाकी तपास चालू आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

आपल्या वाचनालयात हिंदी पुस्तकांचं जे एकुलतं एक कपाट आहे, त्यात देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ आहे. खाकी कव्हर, कण्यावर पांढरी पट्टी, आत डिंकाचा वास. तुम्हांला नव्याने सांगायला नको, कारण त्या पुस्तकाच्या जवळजवळ प्रत्येक पानावर तुमचा मुक्काम झालेला आहे. हिंदी कादंबरी आणि मराठी समास, अशी ही द्वैभाषिक आवृत्ती तुम्ही एकट्याने, कुणी मागितलेली नसताना, मानधनाची अपेक्षा न ठेवता सिद्ध केलीत. तुमचा जाहीर सत्कार व्हायला हवा. नारळ माझ्याकडून. शाल कुणाच्या अंगावर घालायची एवढाच प्रश्न आहे.

पत्र छापायला देण्याआधी चिडका सूर कमी करावा म्हणून मी ते पुस्तक पुन्हा चाळलं. सूर वाढला. पान ३१ : ‘ही दासी नाही! हिची चाल बघा!’ पान ५८ : ‘हा म्हातारा खोटा. दाढी चिकटवलेली.’ पान ८७ : ‘पाहा पा. ३१. मी म्हटलं होतं!’ आणि पान ३१ वर परत गेलं तर तिथे बाण, ‘पाहा पा. ८७’. म्हणजे साक्षीदारही तुम्ही, वकीलही तुम्ही, आणि निकालपत्रही तुमचंच. ती दासी पुढे दोन पानं पाणी भरते आणि कथेतून कायमची निघून जाते. तिची चाल तशीच होती हो. घडा जड असेल.

तुमच्या थिअऱ्या कशावर उभ्या आहेत ते ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांना कळावं, म्हणून थोडं सांगतो. ‘चंद्रकांता’ 1888 सालची. खत्री बनारसचे. चकिया आणि नौगढच्या जंगलांची ठेकेदारी करत होते आणि त्या निमित्ताने पडक्या किल्ल्यांतून, खोहींतून, ओसाड वाड्यांतून हिंडले होते. ठेका सुटला, जंगल डोक्यात राहिलं. त्यातून निघाला तो तिलिस्म. आजकालची पोरं मोबाइलवर ज्या तळघरांतून दिवे पेटवत, सापळे चुकवत, खजिना शोधत फिरतात ना, तसलं प्रकरण. फरक इतकाच की खत्रींच्या तळघरात चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. तिथे एक दगडी बगळा आहे. तो चोच उघडतो आणि जवळ गेलेल्या माणसाला गिळतो. नायिकेला गिळतो, तिच्या मागोमाग चपला या मैत्रिणीला गिळतो, आणि वाचणारा बोईसर आल्याचं विसरून बसून राहतो. (हे माझ्याबाबतीत खरोखर घडलंय. उमरोळीला उतरून परत आलो. दंड भरावा लागला नाही, पण मस्टरवर लाल शेरा बसला.)

या तिलिस्माच्या अवतीभवती ऐयार नावाची जमात वावरते. अर्धे हेर, अर्धे बहुरूपी. कमरेला बटवा, त्यात बेशुद्ध करायची पूड, शुद्धीवर आणायला हुंगवायचा लखलखा, चेहरा बदलायचे रोगण, भिंत चढायला कमंद. एका ऐयाराने दुसऱ्याला पकडलं तर जिवे मारायचं नाही, डांबून ठेवायचं, असा त्यांच्यात दंडक. त्यामुळे मेलेला माणूस फारसा कुणी नसतो आणि कुणीही कधीही कुणाच्याही रूपात परत येऊ शकतो. घोटभर पाण्याने चेहरा धुतला की गडी उघडा. इतका सोपा, इतका निर्मळ, इतका खोटा व्यवहार! हिंदी लिपी न येणाऱ्या लोकांनी केवळ ही कादंबरी वाचता यावी म्हणून देवनागरी शिकून घेतली, असं हिंदीवाले अभिमानाने सांगतात. आपल्याला लिपी फुकटात मिळाली होती. तुम्ही तिचा उपयोग काय केलात, तर पान ५८.

आता मुद्द्याचं. यापुढच्या परिच्छेदात कादंबरीचं गुपित फुटणार आहे. ज्यांना ती वाचायची असेल त्यांनी तो गाळावा. पाहिलंत? एक ओळ पुरते. आधी सांगायचं, मग फोडायचं. तुम्हांला ही पद्धत माहीत नसावी.

तर : मधल्या भागात एक वनकन्या येते. देखणी, धीट, नायकाला अडचणीत मदत करणारी, कुठून येते कुठे जाते पत्ता नाही. आणि एक सिद्धनाथ योगी येतात, जटा, भस्म, सगळं साग्रसंगीत. कुणीही साधाभोळा वाचक वनकन्येला पाहून मनात म्हणेल, ‘ही आपली कुमारी चंद्रकांताच तर नसेल?’ मीही म्हटलं असतं. पण तुम्ही मला म्हणू दिलंत का? समासात ठळक अक्षरांत तुमचा निर्वाळा : ‘वनकन्या चंद्रकांता असेल असं वाटेल, पण ते फारच सोपं आहे! ही चपला!’ मग दहा पानांनी, चुनारगढच्या राजाला मध्ये ओढून, ‘चपला नाही, शिवदत्तची मुलगी!’ योग्याबद्दल तर तुम्ही तीन उमेदवार उभे केलेत आणि अखेर बद्रीनाथ या ऐयाराला बिनविरोध निवडून दिलंत. शेवटी निघालं काय? वनकन्या चंद्रकांताच. आणि योगी म्हणजे जीतसिंह, खुद्द तेजसिंहाचा बाप. नौगढचा पहिल्या नंबरचा ऐयार शेजारी उभं राहून स्वतःच्या जन्मदात्याला ओळखू शकला नाही, आणि वाणगावच्या समासात बसून तुम्ही ओळखणार होता! तिथे तुम्ही काय लिहिलंय, आठवतं? सगळ्या जुन्या टिपा तशाच ठेवून नव्या पेनाने : ‘मला वाटलंच होतं!’

ही तीन-तीन शब्दांची वाक्यं मी तुम्हांला कधी माफ करणार नाही. चुकलात, ठीक. चुकण्यात काही कमीपणा नाही, खत्रींनी चुकवण्यासाठीच तर एवढा खटाटोप केला. पण फसल्यावर फसलो म्हणायला जीभ रेटत नाही, ही मात्र कमाल आहे.

माझी तक्रार तुमच्या तर्क करण्याबद्दल नाही, हे लक्षात घ्या. तर्क मीही करतो, डहाणू लोकलच्या आमच्या डब्यातला प्रत्येक जण करतो. मालगाडीला वाट द्यायला आमची गाडी साइडला टाकतात तेव्हा दुसरं काय करायचं? तक्रार ही आहे की तुमच्या पुस्तकात कुणीही नुसता माणूस नाही. दासी म्हणजे राजकन्या, भिकारी म्हणजे दिवाण, घोडेवाला म्हणजे शत्रूचा हेर. पान १०२ वर रस्त्यात एक कुत्रा भुंकतो, तिथेही तुम्ही प्रश्नचिन्ह काढलंय. अहो, वेषांतराला किंमत येते ती आजूबाजूची शंभर माणसं खरीखुरी असतात म्हणून. सगळेच मुखवट्यात असतील तर चेहरा धुवायला कुणाला बोलवायचं? खत्रींना हे पक्कं कळत होतं. ते एका बयानात (म्हणजे प्रकरणात) चार माणसं जशीच्या तशी ठेवतात आणि पाचवा बदलतात. तुम्ही पाचही बदलता आणि मग गोष्टीत दम नाही म्हणता. (शेवटच्या पानावरचा तुमचा अभिप्राय : ‘ठीक. बरंच आधी कळतं.’ काय कळलं होतं हो तुम्हांला?)

आपल्याकडे जुन्यांनी दोन्ही रीती करून पाहिल्यात. महाभारतात पांडव विराटाकडे अज्ञातवासात राहतात. धर्मराज कंक होतो, भीम बल्लव म्हणून स्वयंपाकघरात, अर्जुन बृहन्नडा होऊन नाच शिकवतो, द्रौपदी सैरंध्री. आपल्याला सगळं आधीपासून माहीत असतं. मजा असते ती विराटाला माहीत नसण्यात, आणि कीचकाला तर अजिबातच माहीत नसण्यात. खत्री उलट करतात. आपल्यालाच विराटाच्या जागी बसवतात. तुम्हांला विराट होणं मंजूर नाही, एवढंच तुमचं दुखणं आहे. जन्मात कुणाकडून फसवून घ्यायचं नाही असा पण केलेल्या माणसाने ऐयारांच्या वाटेला जावं कशाला? वाणगावात रेल्वेचं वेळापत्रकही मिळतं वाचायला. तेही तुम्हांला खोटंच वाटेल, आणि तिथे तुमचा तर्क बहुतेक बरोबर ठरेल.

तुमच्यासारख्यांची या मुलखात परंपरा आहे, हे मात्र मान्य केलं पाहिजे. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. प्रेत मिळालं, ओळख पटवली, अग्नी दिला गेला, तरी लोकांच्या मनातून किंतु जाईना. भाऊ निसटले असतील, वेष पालटून कुठे तरी असतील. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई मरेपर्यंत स्वतःला सौभाग्यवतीच मानत राहिल्या. हे त्यांचं दुःख, त्यावर मी बोलणार नाही. पण बाकीच्या जनतेने त्या दुःखावर जी थिअरी रचली ती पाहा. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. थोरल्या माधवरावांच्या वेळी त्याला पकडलं, चौकशी झाली, तोतया ठरला, कैदेत पडला. एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण 1776 साली रत्नागिरीच्या किल्ल्यावर त्याला सांभाळणाऱ्या रामचंद्र नाईक परांजप्यांनीच त्याला बाहेर काढून गादीवर बसवलं, आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या नावाने झाले. फौज जमली, लोक नजराणे घेऊन आले. शेवटी पेशव्यांच्या सरदारांनी मोड केला, मुंबईच्या वाटेवर आंग्र्यांनी धरला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शासन झालं.

त्या वेळी तुम्ही रत्नागिरीत असता तर? मी डोळ्यांसमोर आणून पाहतो. नजराण्याचं ताट घेऊन पहिल्या रांगेत तुम्ही, आणि शेजाऱ्याला सांगताय, ‘चाल बघा!’ मोड झाल्यावर पुन्हा त्याच शेजाऱ्याला : ‘मला वाटलंच होतं.’ त्यात त्या माणसांना निदान एक सबब होती. त्यांचा घरचा माणूस परत यावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. भाऊ जिवंत असणं ही त्यांची गरज होती. तुमची कुठली गरज त्या पाणी भरणाऱ्या दासीवाचून अडली होती?

बरं, खोट्या नावाने वावरणाऱ्या माणसांचं तुम्हांला एवढंच वेड असेल तर लांब चुनारगढला कशाला जायचं? चंद्रकांत सखाराम चव्हाण हे नाव कधी ऐकलंय? नाही ना. ‘बाबूराव अर्नाळकर’ म्हटलं की मात्र आजोबांपासून सगळ्यांना आठवेल. झुंजार, काळापहाड, धनंजय यांना जन्म देणारा, हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणारा हा गृहस्थ आयुष्यभर स्वतःच टोपणनावाखाली राहिला. त्या नावातलं अर्नाळा आपल्याच पालघर जिल्ह्यातलं, विरारला उतरून जायचं. इतकं सगळं हाताशी असताना तुम्ही आपल्या वाचनालयातल्या अर्नाळकरांच्या चौदा पुस्तकांपैकी एकातही टीप लिहिलेली नाही, हे मी तपासून पाहिलं. कारण उघड आहे. अर्नाळकर एवढ्या वेगाने पळतात की समासात थांबायला उसंत मिळत नाही.

आता तपासाविषयी. तुमचीच पद्धत वापरून मी तुमचा माग काढायचं ठरवलं, कारण वाचनालयातल्या ताई रजिस्टर दाखवायला तयार नाहीत. ‘सभासदाचं नाव सांगता येत नाही’ म्हणतात, आणि मग हसतात. त्या का हसतात यावर माझी एक थिअरी आहे, ती राहू दे.

पुरावा क्रमांक एक : काही टिपा हिरव्या शाईत आहेत. म्हणजे तुम्ही राजपत्रित अधिकारी. किंवा राजपत्रित अधिकाऱ्याच्या टेबलावरचं पेन उचलून आणणारं कुणी तरी. दोन : पान १४२ आणि १४३ च्या मध्ये मिरचीचं बी चिकटलेलं सापडलं. इथे माझा आनंद क्षणभरच टिकला. वाणगावात मिरचीच्या बियेवरून माणूस शोधणं म्हणजे पंढरपुरात कपाळावरच्या बुक्क्यावरून शोधणं. तीन : तिलिस्मातल्या खोहीच्या वर्णनाशेजारी तुम्ही लिहिलंय, ‘अशी गुहा आशेरीवर आहे. मी पाहिली आहे!’ म्हणजे तुम्ही आशेरीगड चढलेला आहात, गुडघे शाबूत आहेत, आणि वर जाऊन किल्ला न पाहता भुयार शोधत होता. आपल्याकडे कुठल्याही किल्ल्यावर गेलं की एक जण असतोच, ‘इथून थेट तारापूरच्या किल्ल्यात निघतं’ म्हणणारा. 1739 च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला तेव्हा तटाला सुरुंग लावावे लागले, माणसं पडली, बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. भुयार होतं तर त्यांना कुणी सांगितलं कसं नाही? तुम्ही तेव्हा नव्हता, हे दुर्दैव.

चार : 1994 सालच्या दूरदर्शनवरच्या मालिकेचा तुमच्यावर परिणाम आहे. खलनायक क्रूरसिंहाच्या पहिल्या प्रवेशाला तुम्ही समासात ‘यक्कू!!!’ लिहिलंय. ते माझ्याही हातून झालं असतं, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. क्रूरसिंह झालेल्या अखिलेंद्र मिश्रांच्या त्या भुवया विसरणं शक्य नाही. रविवारी सकाळी नीरजा गुलेरींची ती मालिका लागली की रस्ते ओस पडायचे, आणि नेमकं कुणी तरी चेहऱ्यावरचा मुखवटा सोलायला हात घालायचा तेव्हा वीज जायची. 1969 पासून अणुवीज बनवणारं तारापूर हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही बद्रीनाथ झालेल्या इरफान खानला अंधारात शोधतोय. पुढच्या रविवारपर्यंत तो कोण निघाला असेल यावर शाळेत मारामाऱ्या व्हायच्या. त्या थिअऱ्या तुमच्यापेक्षा कितीतरी वेड्या होत्या. पण त्या तोंडी होत्या. सोमवारी जन्मायच्या आणि रविवारी मरायच्या. कुणी त्या पडद्यावर पेनाने लिहून ठेवल्या नाहीत.

तर वय चाळिशीच्या पुढे, गुडघे धड, पेन सरकारी, स्वभाव उंटावरून शेळ्या हाकायचा. या वर्णनात वाणगाव स्टेशनवर सकाळी उभी असणारी निम्मी माणसं बसतात. पश्चिमेच्या तिकीट खिडकीपाशी पेपर वाचणारे एक गृहस्थ मला फार संशयास्पद वाटतात. दुसऱ्याच्या पेपरातलं शब्दकोडं सोडवून ठेवतात, तेही हिरव्या पेनाने नाही, पण आव तोच. त्यांची चाल बघून ठेवली आहे.

आता शेवटचं आणि महत्त्वाचं. ‘चंद्रकांता’ संपल्यावर तुम्ही ‘चंद्रकांता संतति’ला हात घातलात, हे मला कळलंय. चोवीस भाग, आपल्याकडे सहा खंडांत बांधलेले. पहिल्या खंडात तुमच्या टिपा उतू जातायत. दुसऱ्यात मायारानीविषयी तुम्ही पानभर लिहिलंय, तिथे समास संपल्यावर ओळींच्या मधल्या जागेत घुसलात. तिसऱ्या खंडाच्या मध्यावर मात्र टिपा अचानक थांबतात आणि तिथे बोईसर-वाणगाव तिकीट खूण म्हणून ठेवलेलं आहे. म्हणजे खंड मुदत संपली म्हणून परत करावा लागला आणि तुम्ही तो पुन्हा न्यायची वाट बघताय. म्हणजे पुढचं तुम्ही अजून वाचलेलं नाही.

मी वाचलंय. सहाही खंड. तुम्हांला ओलांडून पुढे गेलोय.

पुढे कृष्णाजिन्न नावाचा एक गूढ माणूस भेटेल. तो कोण, हे मला माहीत आहे. तारा नावाची मुलगी तुम्ही ‘किरकोळ पात्र’ म्हणून बाजूला सारली आहे (पहिल्यांदाच कुणाला तरी तुम्ही नुसता माणूस मानलंत, आणि नेमकी तीच निवडलीत, यावर मी तुमचं हात जोडून अभिनंदन करतो). हवं तर या पत्रात मी सगळी नावं एका ओळीत लिहू शकतो. लिहिणार नाही. मी ती नावं मनात घेऊन रोज त्याच फलाटावर उभा राहीन, तुम्ही माझ्या शेजारी उभे असाल, आणि आपल्या दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसेल.

मात्र एक काम केलंय. आठवडाभर सराव करून तुमचा ‘रा’सारखा दिसणारा ‘श’ आणि तुमची उद्गारचिन्हं मी हुबेहूब उतरवायला शिकलो. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या खंडांत मिळून तुमच्याच अक्षरात सात टिपा लिहून ठेवल्या आहेत. पेन्सिलीने, खोडता येतील अशा, पुस्तकाला धक्का नाही. त्या वाचताना तुम्हांला वाटेल की हे आपणच कधी तरी लिहिलं होतं. सातांतल्या दोन खऱ्या आहेत.

चौथा खंड काल कपाटात परत ठेवला आहे. बुधवारी वाचनालय बंद असतं, तेवढं बघून जा.

आपला,
वरून दुसऱ्या फळीवरचा एक सभासद